छोट्या रिव्हॉल्व्हरचा धक्का: सरावासाठी सौम्य काडतूस कसे निवडावे

छोट्या रिव्हॉल्व्हरने सराव करणाऱ्यांची एक तक्रार वारंवार ऐकू येते. सुरुवातीच्या पाच गोळ्या ठीक जातात, नंतर तळहाताला झिणझिण्या येतात, अंगठ्याच्या मुळाशी ठणका लागतो आणि टार्गेटवरची छिद्रे नेमाच्या खाली घसरू लागतात. मग पेटीवर ‘लो रिकॉइल’ असे छापलेली काडतुसे आणली जातात. त्यांनी कधी फरक पडतो, कधी अजिबात पडत नाही, तर कधी धक्का खरोखर कमी होतो, पण सिलिंडर अडकू लागतो किंवा गोळ्या भलतीकडेच लागतात. काही दिवसांनी तक्रार पुन्हा जिथल्या तिथे येते. याचे कारण बहुधा असे असते की काडतूस निवडताना पेटीवरचे विशेषण वाचले जाते आणि आकडे वाचायचे राहून जातात.

पुढचे विवेचन मुख्यतः .३८ स्पेशल कॅलिबरच्या, सुमारे दोन इंची नळीच्या, पाच गोळ्यांच्या रिव्हॉल्व्हरला धरून आहे, कारण या तक्रारी सर्वाधिक तिथेच होतात. .३५७ मॅग्नम आणि .३२ यांचा विचार ओघाने येईल.

आधी दुखणे कुठले आहे ते ओळखावे

काडतूस बदलण्यापूर्वी त्रास धक्क्याचा आहे, आवाजाचा आहे की मुठीचा, हे ठरवायला हवे. टार्गेटवर तिन्हींचा परिणाम जवळपास सारखाच दिसतो, म्हणून केवळ छिद्रे पाहून निष्कर्ष काढला तर हमखास चूक होते.

दुखण्याची जागा बरेच काही सांगून जाते. मधल्या बोटाचे पेर लाल होत असेल किंवा सोलवटत असेल, तर चापाभोवतीची कडी त्या पेरावर आदळत असते. हा दोष मुठीचा आहे आणि काडतूस कितीही सौम्य घेतले तरी तो पूर्णपणे जाणार नाही. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधल्या बेचक्यात दुखत असेल, तर मुठीच्या मागच्या बाजूची उघडी धातूची पट्टी थेट हाताला लागत असण्याची शक्यता मोठी आहे. मनगट किंवा कोपर दुखत असेल, तर मात्र तो एकूण धक्क्याचाच परिणाम समजावा. असे दुखणे दुसऱ्या दिवशीही टिकत असेल, तर ते शमेपर्यंत सराव बंद ठेवणे शहाणपणाचे आहे.

दुखत काहीच नाही, तरीही गोळ्या खाली जातात, अशी स्थिती असेल तर डमी (दारू नसलेल्या, नकली) काडतुसांची परीक्षा करून पाहावी. सिलिंडरमध्ये तीन खरी काडतुसे आणि दोन डमी भरावीत, सिलिंडर न पाहता फिरवून बंद करावा आणि नेहमीसारखा नेम धरून चाप ओढावा. डमीवर घोडा पडतो, पण गोळी सुटत नाही, आणि नेमक्या त्याच क्षणी नळीचे टोक खाली झुकताना दिसले, तर हात धक्का येण्याआधीच त्याला दाबू पाहतो आहे हे सिद्ध होते. गोळी सुटते तेव्हा हे झुकणे धक्क्यात लपून जाते. डमीवर ते उघडे पडते. या परीक्षेत नुसता ‘टक्’ आवाज झाला तरी नळी टार्गेटकडेच ठेवावी आणि पुढचा चाप घाईने ओढू नये, कारण ती डमी होती की न पेटलेले खरे काडतूस, हे त्या क्षणी कळण्याचा मार्ग नसतो.

आवाजाची बाब बरेचदा दुर्लक्षित राहते. दोन इंची नळीत दारू पूर्ण जळण्याआधीच गोळी बाहेर पडते, उरलेला वायू नळीच्या तोंडाशी भडकतो आणि सिलिंडर व नळी यांच्यातल्या फटीतूनही फुटतो. कानात प्लग आणि त्यावर मफ अशी दुहेरी झाकण घेऊन पाच गोळ्या झाडून पाहाव्यात. तेवढ्याने दचकणे निम्म्यावर आले, तर हात आवाजालाच घाबरत होता, आणि अशा वेळी मंद, कमी दारूचे काडतूस दुहेरी उपयोगाचे ठरते.

धक्का कशाने ठरतो

हिशोब अवघड नाही. गोळीचे वजन आणि तिचा वेग यांचा गुणाकार, त्यात जळालेल्या दारूच्या वायूचा वाटा मिळवायचा. तेवढाच संवेग उलट दिशेने रिव्हॉल्व्हरला मिळतो. तो संवेग किती वजनावर पडतो यावरून हाताला जाणवणारी ऊर्जा ठरते, आणि ती संवेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणून संवेग दहा टक्क्यांनी कमी झाला तर ऊर्जा एकोणीस टक्क्यांनी घटते, आणि पेटीवरच्या आकड्यांतला किरकोळ वाटणारा फरक हाताला चांगलाच जाणवतो.

व्यवहारात तुलना करण्यासाठी गोळीचे ग्रेनमधले वजन (एक ग्रेन म्हणजे सुमारे ०.०६५ ग्रॅम) आणि फूट प्रतिसेकंदातला वेग यांचा गुणाकार करून हजाराने भागावे. नेमबाजीच्या स्पर्धांत याच संख्येला पॉवर फॅक्टर म्हणतात. .३८ स्पेशलचे १४८ ग्रेनचे वॉडकटर (सपाट तोंडाच्या शिशाच्या गोळीचे काडतूस) सुमारे ७१० फूट प्रतिसेकंद वेगाचे असते, म्हणजे संख्या १०५ येते. १३० ग्रेनची आवरणयुक्त (शिशावर तांब्याचे आवरण असलेली) गोळी ८१० च्या वेगाने गेली तर तीही १०५ च्याच घरात. जुन्या पद्धतीची १५८ ग्रेनची गोल टोकाची शिशाची गोळी ७५५ च्या वेगाने ११९ देते. १२५ ग्रेनची प्लस पी (वाढीव दाबाची) ९४५ च्या वेगाने ११८, आणि १५८ ग्रेनची प्लस पी ८९० च्या वेगाने थेट १४१. .३५७ मॅग्नमची १२५ ग्रेनची गोळी १४५० च्या वेगाने १८१ वर जाते. हे वेग बहुधा चार इंची चाचणी नळीतले असतात आणि दोन इंची नळीत ते बरेच कमी भरतात, पण एकमेकांशी तुलना करण्यासाठी एवढी संख्या पुरते.

आता रिव्हॉल्व्हरचे वजन लक्षात घ्यावे. स्मिथ अँड वेसनच्या जे फ्रेम मालिकेतले ॲल्युमिनियम चौकटीचे मॉडेल ६४२ सुमारे सव्वाचारशे ग्रॅमचे आहे, रुगर एलसीआर त्याहूनही थोडे हलके, तर रुगर एसपी१०१ हे पोलादी रिव्हॉल्व्हर सातशे ग्रॅमच्या पुढे जाते. स्कँडियम चौकट आणि टायटॅनियम सिलिंडर असलेली काही मॉडेल साडेतीनशे ग्रॅमपेक्षाही हलकी आहेत. सव्वाचारशे ग्रॅमच्या रिव्हॉल्व्हरमध्ये वॉडकटरची धक्क्याची ऊर्जा ढोबळ हिशोबाने सहा ज्यूल येते, १५८ ग्रेनच्या साध्या काडतुसाची आठ, आणि मॅग्नमची वीसच्या वर. तेच वॉडकटर साडेतीनशेच्या आतल्या रिव्हॉल्व्हरमध्ये झाडले तर ऊर्जा पावणेआठ ज्यूलच्या आसपास पोहोचते. म्हणजे अतिहलक्या रिव्हॉल्व्हरमधले सर्वांत सौम्य काडतूसही थोड्या जड रिव्हॉल्व्हरमधल्या नेहमीच्या काडतुसाइतकाच धक्का देते. ‘मित्राला हे काडतूस अगदी मऊ वाटले, मला का नाही’ या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा इथेच असते. दोघांची रिव्हॉल्व्हरे वजनावर ठेवून पाहावीत.

हलकी गोळी म्हणजे हलका धक्का नव्हे

माझ्या मते सर्वांत जास्त पैसे वाया जातात ते या गैरसमजापायी. गोळी हलकी असली की धक्का कमी असणार, असे गृहीत धरून ११० ग्रेन किंवा त्याहूनही हलकी काडतुसे निवडली जातात. परंतु ११० ग्रेनची गोळी १०१० फूट प्रतिसेकंद वेगाने निघत असेल तर संख्या १११ होते, म्हणजे १४८ ग्रेनच्या वॉडकटरपेक्षा जास्तच. शिवाय हलक्या गोळीला तो वेग देण्यासाठी दारू अधिक लागते, त्या दारूचा वायू धक्क्यात भर घालतो आणि स्फोटाचा आवाजही वाढवतो. परिणामी असे काडतूस हाताला चटका दिल्यासारखे तीक्ष्ण वाटते, तर वॉडकटर ढकलल्यासारखे. ‘लो रिकॉइल’ या शब्दांना कुठलेही सर्वमान्य मोजमाप नाही. ज्या पेटीवर वजन आणि वेग दोन्ही स्पष्ट दिलेले नाहीत, ती सरावासाठी घेऊ नये, आणि ज्या पेटीवर ते दिलेले आहेत तिथे गुणाकार करून मगच निर्णय घ्यावा.

दाबाचा आकडाही डोळ्यांखालून घालावा. सामी या अमेरिकी मानक संस्थेने साध्या .३८ स्पेशलसाठी कमाल १७,००० पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच), प्लस पीसाठी २०,००० आणि .३५७ मॅग्नमसाठी ३५,००० पीएसआय दाबाची मर्यादा घातली आहे. सरावासाठी प्लस पीची गरज नसते. जुन्या .३८ रिव्हॉल्व्हरांपैकी बऱ्याच प्लस पीसाठी घडवलेल्याही नाहीत, त्यामुळे साध्या दाबाचे काडतूस घेतल्याने हाताबरोबर यंत्रही वाचते.

वॉडकटर का, आणि त्याच्या खोड्या कोणत्या

वॉडकटरची गोळी म्हणजे मऊ शिशाचा सपाट तोंडाचा दंडगोल. ती जवळपास पूर्णपणे पितळी केसच्या आत बसवलेली असते, त्यामुळे काडतूस हातात घेतले की टोक दिसतच नाही. केसच्या काठाशी समतल बसलेली, वंगणाने किंचित चिकट अशी करडी चकती तेवढी दिसते. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हे काडतूस रिकामेच वाटते. कागदी टार्गेटवर ती पंच मारल्यासारखे स्वच्छ गोल छिद्र पाडते आणि गुण मोजणे सोपे होते. कागदावरच्या अचूक नेमबाजीसाठी तिची ख्याती इतकी होती की स्मिथ अँड वेसनने १९६१ मध्ये मॉडेल ५२ हे अर्धस्वयंचलित पिस्तूल केवळ याच समतल बसवलेल्या .३८ वॉडकटरसाठी काढले. इतके लाड फार थोड्या काडतुसांच्या वाट्याला आले आहेत.

छोट्या रिव्हॉल्व्हरमधल्या सरावासाठी माझी पहिली शिफारस म्हणूनच साध्या दाबाच्या १४८ ग्रेन वॉडकटरची आहे. ते मिळत नसेल तर १३० ग्रेनची आवरणयुक्त गोळी किंवा काउबॉय स्पर्धांसाठी बनवलेले मंद वेगाचे शिशाचे काडतूस घ्यावे, आणि तिथेही वेग पाहून गुणाकार करावा. पण वॉडकटरच्या स्वतःच्या अडचणी आहेत, आणि ‘काडतूस बदलले, नवीनच दुखणे आले’ अशी तक्रार बहुतांशी त्यांतूनच येते.

पहिली अडचण भरण्याची. गोळीला निमुळते टोक नसल्यामुळे सपाट काठ सिलिंडरच्या छिद्राच्या कडेला अडतो, आणि स्पीडलोडरने पाचही काडतुसे एकदम आत घसरत नाहीत. यावर खास उपाय नाही. सरावात एकेक काडतूस हाताने भरावे. झटपट भरण्याचाच सराव करायचा असेल, तर त्या फेरीपुरते गोल टोकाचे काडतूस वापरावे.

दुसरी अडचण घाणीची. शिसे आणि वंगण मिळून काजळीचा थर लवकर साचतो, आणि न जळालेल्या दारूचे बारीक कण पुंगळ्या (झाडलेल्या रिकाम्या केस) ढकलून काढणाऱ्या, दांड्याच्या टोकाच्या चांदणीखाली जाऊन बसतात. मग सिलिंडर जड फिरू लागतो, चाप मध्येच अडतो आणि दोष काडतुसाच्या ताकदीला दिला जातो. हे टाळण्यासाठी पुंगळ्या काढताना रिव्हॉल्व्हरची नळी सरळ वर करावी आणि दांडा एकदाच, ठामपणे दाबावा, म्हणजे कण पुंगळ्यांबरोबर खाली पडतात. नळी आडवी ठेवून दांडा दोन-तीनदा हळूहळू दाबण्याची सवय असेल, तर तेच कण चांदणीखाली ओढले जातात. ब्रश जवळ ठेवून दर काही फेऱ्यांनी चांदणीची खालची बाजू झाडली की अडकणे बहुधा थांबते.

पोकळ बुडाच्या वॉडकटरबद्दल आणखी एक गोष्ट. या गोळीचा मागचा भाग पातळ कड्यासारखा असतो आणि तो मंद वेगासाठीच बनवलेला असतो. स्वतः काडतुसे भरणाऱ्यांनी ती जास्त वेगाने पळवण्याचा मोह धरू नये. कड फाटून मागचा भाग नळीत राहू शकतो. हाताने भरण्यातला याहून मोठा धोका असा, की .३८ स्पेशलची केस मुळात काळ्या दारूच्या काळातल्या मापाची आहे, त्यामुळे आधुनिक दारूची सौम्य मात्रा तिच्या तळाशी जेमतेम दिसते आणि चुकून दुप्पट पडली तरी केस भरून वाहत नाही. सौम्य काडतूस हवे म्हणून छापील मार्गदर्शिकेतल्या किमान मात्रेच्याही खाली जाणे तितकेच धोक्याचे आहे, आणि ते पुढच्या मुद्द्याशी जोडलेले आहे.

गोळी नळीत अडकणे

सौम्य काडतुसांच्या बाबतीत ही एक गोष्ट हयगयीने घेता येत नाही. काडतुसाची ताकद फारच कमी पडली तर गोळी नळीतच अडकते. रिव्हॉल्व्हरमध्ये सिलिंडर आणि नळी यांच्यातल्या फटीतून थोडा वायू निसटतोच, त्यामुळे ही शक्यता थोडी वाढते. आवरणयुक्त गोळीचे नळीशी घर्षण शिशापेक्षा जास्त असते, म्हणून कमी ताकदीच्या आवरणयुक्त काडतुसात हा धोका अधिक. वॉडकटरसारखी वंगण लावलेली मऊ शिशाची गोळी या बाबतीत तुलनेने सुरक्षित आहे.

लक्षण असे की आवाज नेहमीपेक्षा दबका येतो, धक्का जवळजवळ जाणवत नाही आणि टार्गेटवर नवे छिद्र दिसत नाही. सौम्य काडतुसाची सवय झालेल्या माणसाला हा फरक पटकन कळत नाही, हीच यातली खरी अडचण आहे. शंका आली की तिथेच थांबावे. नळी टार्गेटकडे ठेवून किमान तीस सेकंद वाट पाहावी, सिलिंडर उघडून सर्व काडतुसे काढावीत, आणि मगच नळीतून मागच्या बाजूने प्रकाश पाहावा किंवा साफसफाईची दांडी घालून नळी मोकळी असल्याची खात्री करावी. अडकलेल्या गोळीमागे दुसरी गोळी झाडली गेली तर नळी फुगते किंवा फुटते. अडकलेली गोळी काढण्याचे काम जाणकार कारागिराकडे सोपवावे. न पेटलेल्या काडतुसाच्या बाबतीतही तीस सेकंदांचा नियम पाळावा, कारण पेटण्यास उशीर झालेले काडतूस सिलिंडर पुढे सरकल्यावर उडाले तर ते नळीच्या रेषेत नसते.

हलक्या रिव्हॉल्व्हरमध्ये गोळी पुढे सरकणे

याच्या उलट दुखणे अतिहलक्या रिव्हॉल्व्हरमध्ये दिसते. दोन-तीन गोळ्या झाडल्यावर सिलिंडर फिरेनासा होतो. धक्क्याने रिव्हॉल्व्हर आणि केस वेगाने मागे जातात, पण केसमधली गोळी जडत्वामुळे जागेवर राहू पाहते. केसची पकड सैल असेल तर गोळी प्रत्येक धक्क्याला थोडी थोडी पुढे सरकते आणि अखेर सिलिंडरच्या तोंडातून बाहेर डोकावून चौकटीला अडते. जड गोळी, मऊ शिसे आणि हलकी चौकट हे तिन्ही एकत्र आले की ही शक्यता वाढते. वॉडकटरचा धक्काच कमी असल्याने त्याच्या बाबतीत हे क्वचित घडते, पण स्वस्तातल्या काडतुसांत केसची पकड सारखी नसते.

तपासणी सोपी आहे. एका काडतुसाची लांबी व्हर्नियर कॅलिपरने मोजून त्याला खूण करावी, ते शेवटच्या छिद्रात ठेवून बाकीची चार झाडावीत आणि पाचवे न झाडता काढून पुन्हा मोजावे. लांबी वाढलेली दिसली तर ती काडतुसे त्या रिव्हॉल्व्हरसाठी बाद समजावीत; जड रिव्हॉल्व्हरमध्ये तीच काडतुसे नीट चालू शकतात. मोजलेले काडतूस पुन्हा सिलिंडरमध्ये न भरता बाजूला ठेवावे. कारण वेगळे असले तरी इथेच सांगायला हवे, की टायटॅनियम सिलिंडरच्या काही .३५७ मॉडेलांवर १२० ग्रेनपेक्षा हलक्या गोळीची मॅग्नम काडतुसे वापरू नयेत अशी सूचना कोरलेली असते. रिव्हॉल्व्हरवर कोरलेले आणि माहितीपुस्तिकेत छापलेले शब्द हे पेटीवरच्या जाहिरातीपेक्षा वरचढ मानावेत.

.३५७ आणि .३२ असणाऱ्यांसाठी

.३५७ मॅग्नमच्या रिव्हॉल्व्हरमध्ये .३८ स्पेशल झाडता येते, उलट मात्र कधीही नाही. दोन्हींच्या गोळीचा व्यास एकच असून मॅग्नमची केस सुमारे साडेतीन मिलिमीटर लांब असते. म्हणून मॅग्नमचा धक्का सोसत बसण्यापेक्षा सरावाला .३८ वॉडकटर वापरणे केव्हाही बरे. त्यात एकच पथ्य पाळायचे: आखूड केसच्या पुढे सिलिंडरच्या छिद्रात काजळीचे कडे जमते आणि नंतर मॅग्नमचे काडतूस भरायला गेले की ते त्या कड्याला अडते किंवा झाडल्यावर पुंगळी घट्ट बसते. सराव संपल्यावर पाचही छिद्रे नळीच्या मापापेक्षा किंचित जाड ब्रशने घासून काढावीत. मॅग्नम काडतूस अंगठ्याने दाबून बसवण्याची वेळ आली, तर ते बसवू नये. आधी साफ करावे.

नावाच्या सारखेपणामुळे होणारा एक घोटाळाही लक्षात ठेवावा. .३८ एस अँड डब्ल्यू हे काडतूस .३८ स्पेशल नव्हे; त्याची केस जाड आणि गोळी किंचित मोठ्या व्यासाची असते. दुकानात दोन्ही पेट्या शेजारी ठेवलेल्या असू शकतात.

.३२ एस अँड डब्ल्यू लाँग हे मात्र सौम्यपणाच्या बाबतीत वाखाणण्यासारखे काडतूस आहे. ९८ ग्रेनची गोळी सुमारे ७०५ च्या वेगाने जाते, म्हणजे संख्या ६९, वॉडकटर .३८ च्या दोन तृतीयांश. पंचवीस मीटर सेंटर फायर पिस्तूल या आंतरराष्ट्रीय स्पर्धाप्रकारात हेच कॅलिबर वर्षानुवर्षे मानाने वापरले जाते. १९८४ मध्ये आलेल्या .३२ एच अँड आर मॅग्नमच्या आणि नंतरच्या .३२७ फेडरल मॅग्नमच्या रिव्हॉल्व्हरमध्येही ते झाडता येते. ज्यांच्याकडे या दोहोंपैकी एखादे रिव्हॉल्व्हर आहे आणि धक्क्याची तक्रार आहे, त्यांनी दुसरीकडे शोधण्याआधी हे पाहावे.

काडतूस पेटतच नाही

सौम्य काडतुसे आणल्यापासून दर पेटीत काही काडतुसे पेटत नाहीत, अशी तक्रार असेल, तर ती सौम्यपणामुळे नसते. केसच्या बुडात बसवलेल्या, आघाताने पेटणाऱ्या टोपीला प्रायमर म्हणतात; त्यावरची खूण पाहावी. ती उथळ असेल तर घोड्याचा आघात कमी पडतो आहे. चाप हलका करण्यासाठी कुणी स्प्रिंग बदललेली असेल, तर संशय आधी तिच्यावर घ्यावा. खूण खोल असूनही काडतूस पेटले नसेल, तर प्रायमर किंवा दारू सदोष आहे. उथळ खुणेचे काडतूस तीस सेकंदांनंतर पुन्हा त्याच छिद्रात घोड्याखाली आणून झाडल्यावर पेटले, तर कारण स्प्रिंग किंवा केसच्या बुडात पूर्ण न बसता वर राहिलेला प्रायमर यांपैकी एक समजावे. प्रायमरची कठीणता निर्मात्यानुसार बदलते, त्यामुळे हलक्या स्प्रिंगवर एका कंपनीची काडतुसे नीट चालतात आणि दुसरीची नाहीत.

गोळ्या दुसरीकडे लागणे

स्थिर साइट असलेल्या .३८ रिव्हॉल्व्हरांची माशी (नळीच्या टोकावरची नेम धरण्याची खूण) परंपरेने १५८ ग्रेनच्या काडतुसाला जुळवलेली असते. मंद, जड गोळी नळीत जास्त वेळ राहते, तेवढ्या वेळात नळीचे टोक उचलले जाते आणि गोळी वर लागते. हलकी, वेगवान गोळी लवकर बाहेर पडते आणि खाली लागते. म्हणून ११० ग्रेनच्या काडतुसाने सराव करणाऱ्याला आपण दचकतो आहोत असे वाटू शकते, प्रत्यक्षात मात्र तो त्या गोळीचा स्वभाव असतो. हात टेकवून, शांतपणे, सात आणि पंधरा मीटरवरून पाच-पाच गोळ्या झाडून त्यांचा मध्य कुठे येतो हे टार्गेटवर नोंदवून ठेवावे. छिद्रे एकत्र, पण खाली असतील तर दोष काडतुसाच्या जुळणीचा. विखुरलेली आणि खाली असतील तर दचकण्याचा.

सौम्य काडतुसाच्या सरावात नेहमीचे काडतूस पूर्णपणे विसरले जाऊ नये, म्हणून सरावाच्या अखेरीस नव्हे, तर मध्यावर, हात ताजा असताना, नेहमीच्या काडतुसाची एक फेरी घ्यावी आणि लगेच पुन्हा वॉडकटरवर यावे. अखेरीस घेतली तर थकलेला हात दचकण्याचीच आठवण घेऊन घरी जातो.

काडतूस बदलून भागत नसेल तर

इतके करूनही पंधरा-वीस गोळ्यांत हात भरून येत असेल, तर उपाय काडतुसात उरलेला नाही. खिशात लपावी म्हणून दिलेली आखूड मूठ काढून, करंगळी मावेल एवढी लांब आणि मागची धातूची पट्टी झाकणारी रबरी मूठ बसवावी. तीच शक्ती मोठ्या पृष्ठभागावर पसरली की बेचक्यातली जळजळ जाते. हात मुठीवर शक्य तितका वर धरावा, म्हणजे नळीचे टोक कमी उचलले जाते. तळव्याला गादी असलेला हातमोजा सरावापुरता वापरण्यात कमीपणा काही नाही.

शिशाच्या उघड्या गोळ्या जास्त झाडायच्या असतील, विशेषतः बंदिस्त रेंजमध्ये, तर हवा खेळती आहे का ते पाहावे, मध्ये काही खाऊ-पिऊ नये आणि नंतर हात साबणाने व थंड पाण्याने धुवावेत. बहुलकाचा लेप दिलेल्या गोळ्या मिळाल्या तर हाताला लागणारे शिसे आणि नळीतली घाण दोन्ही कमी होतात.

ज्यांना दर आठवड्याला शंभरभर गोळ्यांचा सराव हवा आहे, त्यांनी त्याच चौकटीचे .२२ एलआर मॉडेल पाहावे. मूठ, साइट आणि हाताची ठेवण तीच राहते, धक्का नगण्य होतो, आणि चाप मात्र रिमफायर (काठावर आघात होऊन पेटणाऱ्या) काडतुसाला जोरदार आघात लागत असल्याने थोडा जडच असतो, जो सरावासाठी फायद्याचा आहे. .३८ च्या रिव्हॉल्व्हरमध्ये डमी काडतुसे घालून कोरडा सराव, म्हणजे गोळी न झाडता चाप ओढण्याचा सराव, करता येतो; .२२ मध्ये रिकाम्या सिलिंडरवर चाप ओढू नये, कारण पिन छिद्राच्या काठावर आदळते आणि काठाला खाच पडून पुढे खरी काडतुसे आत जाईनाशी होतात.